मागे कोण बसणार?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण सांगते. गेले तीन-चार महिने आमच्या घरात सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकच विषय चालू होता, तो म्हणजे नवी गाडी.

आमची जुनी गाडी पाच जणांची. घरात माणसं सात. मी, आमचे हे, मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं आणि आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. सगळ्यांनी मिळून कुठे जायचं म्हटलं की दोघांसाठी वेगळी रिक्षा करायची, नाहीतर कुणीतरी "माझं राहू दे, तुम्ही जाऊन या" असं आपणहून म्हणायचं. हे आपणहून म्हणणारं माणूस प्रत्येक घरात बहुधा ठरलेलं असतं. त्याबद्दल पुढे सांगतेच.

तर मुलगा शोरूममधून माहितीपत्रकं घेऊन आला. नातू सहावीत आहे आणि घरातला सगळ्यात मोठा वाहनतज्ज्ञ तोच. "आजी, ही सीट फोल्ड होते. ही स्लाइड होते. ही टम्बल होते. आणि ह्या गाडीची तर काढून घरी ठेवता येते!" मी म्हटलं, काढून ठेवायची कुठे, देवघरात? असो. सगळं ऐकून घेतल्यावर मुलानं मुद्द्याचा प्रश्न विचारला, "ते सगळं ठीक आहे, पण तिसऱ्या रांगेत बसणार कोण?"

कुणी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "मी बसेन की. मला मागे बसायची सवय आहे."

वन्सं ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. सगळे हसले, मीही हसले. नंतर ओटा आवरताना मात्र ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सवय आहे हे खरंच. पण ती लागली कधी? आणि लावली कुणी? मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह आणि सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. आपल्याच घरातली ही सनावळी मात्र कधी मांडून पाहिली नव्हती. म्हटलं, आता पाहू या.

अगदी सुरुवातीपासून सांगायचं तर माझं आजोळ भोरजवळ. तिथे आजोबांची दमणी होती. हल्लीच्या मुलांना दमणी म्हणजे काय हे सांगावं लागेल. माणसांनी बसायची, हलकी, आडोसा केलेली बैलगाडी ती दमणी. तिच्यात सीट नावाची गोष्टच नव्हती. गवत पसरायचं, त्यावर सतरंजी घालायची, की झाली बैठक. माणसं असतील तर माणसांची गाडी, पोती असतील तर पोत्यांची. आज जाहिरातीत ज्याला "सपाट होणारा मागचा भाग" म्हणून मिरवतात, तो आमच्या आजोबांच्या दारात उभा होता!

पुण्यात टांगे होते. पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ रोजी, त्याच्या आधीच्या ह्या आठवणी. स्टेशनवरून शनिवार पेठेत यायचं तर टांगा. टांग्याला दोनच चाकं, त्यामुळे मागे वजन जास्त झालं की टांगा उलाळ व्हायचा, घोड्याच्या पाठीवरचा भार उचलला जायचा आणि जनावर बिथरायचं. पुढे वजन जास्त झालं तर सगळा भार घोड्याच्या अंगावर. म्हणून टांगेवाला आधी सगळ्यांना एकदा नजरेनं तोलायचा आणि मग फर्मान सोडायचा, "मामा, तुम्ही पुढे. बाई, तुम्ही मागे. पोरगी मधे." माझे एक काका चांगले जाडजूड होते, ते नेहमी पुढे. आजी किरकोळ अंगाची, ती मागे, रस्त्याकडे तोंड करून. ह्यात कुणाला मान नव्हता आणि कुणाचा अपमानही नव्हता. टांग्यात जागा ठरायची ती वजनावरून. मला आता वाटतं, त्या टांगेवाल्याइतका निःपक्षपाती माणूस पुढे कुठल्याच गाडीला मिळाला नाही.

मोटार आली आणि हे चित्र पालटलं. चार चाकांवर तोल आपोआप सांभाळला जातो, तेव्हा कुणी कुठे बसायचं हे ठरवायला दुसरं काहीतरी लागणारच. ते दुसरं म्हणजे मान. अँबॅसॅडर काय किंवा आपण ज्या गाडीला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलो ती प्रीमियर पद्मिनी काय, दोन्हींना पुढे सलग बाक असायचं आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. त्यामुळे पुढे तिघं सहज मावत. चालवणाऱ्याच्या पलीकडे खिडकीशी घरातला कर्ता पुरुष, मधे एखादा मुलगा, आणि मागे बायका, पोरं, पिशव्या. कुठल्या वाहन कायद्यात असं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या घरांना पाठ होतं.

आमच्याकडे अर्थात मोटार नव्हतीच. माझं लग्न १९७५ सालचं. वन्संचे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. त्या एकतिसाव्या वर्षी माहेरी परत आल्या त्या कायमच्याच. मूलबाळ नव्हतं. मी घरात आले तेव्हा स्वयंपाकघराचा अर्धा भार त्यांच्यावर होता, आणि मी शाळेत जायला लागल्यावर उरलेला अर्धाही त्यांच्यावरच गेला. मी नोकरी करू शकले ती त्यांच्या जिवावर, हे मी आधीही इथे लिहिलं आहे.

१९८१ साली आमच्या दारात चेतक आली. लायसन्स-परमिटचा तो काळ. ह्यांनी नंबर लावला तेव्हा मुलाचा जन्म झाला नव्हता, आणि स्कूटर आली तेव्हा तो बालवाडीत जात होता. चेतक ही दोन माणसांची गाडी, असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात पुढे मुलगा उभा, मागे मी एका बाजूला पाय सोडून, मांडीवर धाकटी लेक आणि डिकीत आहेराची साडी. अख्ख्या पुण्यात हेच दृश्य होतं. ह्याला लवचिकपणा म्हणायचं तर म्हणा! फक्त लवचिक होतो ते आपण, सीट नव्हे. आणि वन्सं? चिंचवडला लग्न असलं की त्या आमच्या आधी तासभर निघून पीएमटीनं यायच्या. स्कूटरवर पाचवी जागा नव्हती, त्यामुळे त्याबद्दल चर्चाही झाली नाही.

आता थोडं पुण्याबद्दल, कारण ह्या गोष्टीत पुण्याचा वाटा मोठा आहे. आपण मराठीत कुठल्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतो. तो शब्द आला एका जर्मन कंपनीच्या गाडीच्या नावावरून. हॅम्बुर्गजवळच्या ह्या कंपनीशी सहकार्य करून १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. उभी करणारे नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. पुढे कंपनीचा पसारा आकुर्डीत वाढला. २००५ साली तिचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, तरी तिनं दिलेला शब्द मात्र भाषेत राहून गेला. ह्याच कंपनीनं १९६९ साली मॅटॅडोर आणली, आणि महाराष्ट्रातल्या लग्नांचं, सहलींचं आणि यात्रांचं रूप पालटलं. त्याआधी वऱ्हाड एसटीनं जायचं, नाहीतर ट्रकनं. मॅटॅडोरमध्ये पंधरा-वीस माणसं कोंबता येत, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी भाजी नाहीतर सामान वाहायला मोकळी.

धाकट्या दिरांच्या लग्नाला, १९८३ साली, आम्ही मॅटॅडोरच केली होती. आमच्या वाट्याला आलेल्या गाडीत दोन्ही बाजूंना लांबलचक बाकं होती आणि मधे रुखवताचं सामान. समोरासमोर बसून सगळं वऱ्हाड गाणी म्हणत गेलं. वन्सं त्या दिवशी सगळ्यात शेवटी, दाराशी बसल्या होत्या. रुखवतातला चिवड्याचा डबा सांभाळायला कुणीतरी हवं होतं म्हणून.

गंमत अशी की नेमक्या त्याच सुमाराला जगात इतरत्रही "सगळ्या कुटुंबाची गाडी" ह्या कल्पनेनं जोर धरला होता. तशी ती फार जुनी. जर्मनीच्या फोक्सवागननं १९५० सालीच डब्यासारखी बस काढली होती. १९५६ साली इटलीच्या फियाटनं मल्टिप्ला नावाची चिमुकली गाडी आणली. जेमतेम साडेतीन मीटर लांब, पण तिच्यात सहा माणसं बसत आणि मागच्या सीटा पाडल्या की सपाट जागा मिळे. मग १९८३ च्या अखेरीस अमेरिकेत क्रायस्लरची मिनीव्हॅन आली आणि १९८४ साली फ्रान्समध्ये रेनॉची एस्पास. एस्पासच्या मागच्या सीटा सुट्या काढता येत आणि पुढच्या दोन मागे वळवून बैठकीच्या खोलीसारखं समोरासमोर बसता येई.

आणि त्याच १९८४ साली आपल्याकडे आली मारुती व्हॅन. पुढे १९८८ साली तिचं नाव ओम्नी झालं. इंजिन मारुती ८०० चंच, ७९६ सीसीचं, पण पुढच्या सीटखाली बसवलेलं, त्यामुळे मागे सगळी जागा मोकळी. बाजूला सरकतं दार. पुण्याच्या अरुंद बोळात शाळेची मुलं उतरवायला ह्या दारासारखी सोय नव्हती. आठ माणसं बसतील अशीही तिची एक आवृत्ती होती. हिंदी सिनेमावाल्यांनी मात्र ह्याच सरकत्या दारापायी ती बिचारी गाडी पळवापळवीसाठी बदनाम केली. २०१९ साली ती बंद झाली, तोवर पस्तीस वर्षं तिनं कुणाची मुलं, कुणाचे गॅस सिलिंडर आणि कुणाचे रुग्ण वाहिले, ह्याची गणतीच नाही.

आमच्या घरात खरी मोठी गाडी आली ती १९९६ साली. दिरांनी टाटा सुमो घेतली. सुमो १९९४ ची. पुण्यातच तयार व्हायची. नावामुळे पुष्कळांना जपानी पहिलवान आठवतात, पण ते नाव आहे सुमंत मुळगावकरांचं. सुमंतमधलं सु आणि मुळगावकर इंग्रजीत लिहितात त्याचा मो. टेल्कोचा पुण्यातला कारखाना ज्यांच्या दृष्टीतून उभा राहिला ते हे मुळगावकर. १९८९ साली ते गेले, त्यामुळे आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही.

सुमोत दहा माणसं बसायची. पुढे तीन, मधे तीन आणि मागे दोन आडव्या बाकड्यांवर समोरासमोर चार. आमची बसण्याची यादी मी आजही झोपेत सांगू शकेन. पुढे चालवायला दीर, मधे आमचे हे, खिडकीशी मामंजी. मधल्या सीटवर एका बाजूला सासूबाई, मधे जाऊबाई आणि दुसऱ्या खिडकीशी मी. मला गाडी लागते, म्हणून खिडकी माझी, हे घरात जाहीर होतं. आणि मागे दिरांची दोन मुलं, माझी लेक आणि वन्सं. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला बाहेरगावी होता.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. दरवर्षी चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे असा नैवेद्य घेऊन आम्ही निघायचो. दिवे घाट चढायचा, सासवडला चहा घ्यायचा आणि पुढे जेजुरी. भरिताचा डबा वन्संच्या मांडीवर. पाण्याची कळशी त्यांच्या पायाशी. येताना सगळे भंडाऱ्यानं पिवळे झालेले असायचे. गाडीची सीट खराब होऊ नये म्हणून दीर आधी सगळ्यांना झटकून घ्यायचे, मागच्यांना मात्र तसेच बसू द्यायचे. मागची बाकडी मुळातच खराब व्हायसाठी होती.

अशी बरीच वर्षं गेली. कुणी कधी म्हटलं नाही, की वन्सं, आज तुम्ही मधे बसा. मीही म्हटलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण इतिहास लिहायचा तर तो स्वतःला वगळून लिहिता येत नाही.

नंतरचा इतिहास तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २००० सालच्या जानेवारीत टोयोटाची क्वालिस आली. इंडोनेशियात किजांग नावाची गाडी १९७७ पासून घराघरात होती, तिचाच हा अवतार. किजांग म्हणजे तिकडच्या भाषेत हरिण. तिथेही आपल्यासारखीच मोठी कुटुंबं, तेव्हा हरणाच्या पोटात आठ-दहा माणसं! २००५ साली क्वालिस जाऊन इनोव्हा आली, आणि मला वाटतं इथे एक मोठा बदल झाला. तिची तिसरी रांग पुढे तोंड करून होती, नीट पाठ असलेली. मागे बसणारा माणूसही आता रस्ता पाहत जाऊ लागला. २०१२ साली मारुतीची अर्टिगा आली आणि ही तिसरी रांग मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

त्याच्या आधी २००६ सालच्या अर्थसंकल्पात एक गोष्ट घडली होती. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी ही चार मीटरची रेघ कायमच आहे. त्यामुळे गाड्या बनवणाऱ्यांची धडपड अशी, की चार मीटरच्या आत काय काय मावेल? २०१९ साली आलेल्या रेनॉ ट्रायबरनं ३.९९ मीटरमध्ये सात माणसं बसवली, आणि तिसरी रांग उचलून घरी ठेवता येईल अशी केली. (नातू म्हणत होता ती हीच.) सातही सीटा लावल्या तर मागे सामानाला जागा उरते ८४ लिटर. दुधाच्या एक लिटरच्या ८४ पिशव्या समजा. तिसरी रांग काढली की तीच जागा होते ६२५ लिटर. अर्टिगा लांबीनं जास्त, तर तिच्यात सातही सीटा लावून २०९ लिटर उरतात, आणि मधली सीट पुढे-मागे सरकते. २०२२ मध्ये आलेल्या किया कॅरेन्समध्ये मधली सीट बटण दाबलं की आपोआप पुढे कलंडते. इनोव्हासारख्या मोठ्या गाड्यांत मधे दोन सुट्या खुर्च्या मिळतात आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट राहते.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मुलाला म्हटलं, "मला शोरूममध्ये यायचंय. आणि वन्संनाही न्यायचंय."

"आई, त्यांना कशाला त्रास?"

"कारण मागे त्या बसणार आहेत असं ठरतंय ना, मग आधी बसून पाहू देत."

प्रत्यक्षात त्यांच्या आधी मीच बसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिसऱ्या रांगेत शिरणं म्हणजे काय, ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. मधली सीट पुढे कलंडवायची, एक पाय उंच पायरीवर ठेवायचा, मान खाली घालायची, मग आत गेल्यावर दुसरा पाय ओढून घ्यायचा आणि अंधारात चाचपडत बसायचं. बसल्यावर गुडघे थेट छातीशी. तिथली मुलगी गोड होती. "काकू, आरामात ना?" म्हणून विचारत होती. आराम होता, पण बाहेर यायला मुलगा आणि ती असे दोघं लागले. ह्यात त्या गाडीला मी दोष देत नाही. तिसरी रांग मागच्या चाकांवर असते, खाली जमीन उंच असते, म्हणून गुडघे वर येतात. हे सगळ्याच लहान गाड्यांत कमी-जास्त होणार. ती जागा अंगानं लहान आणि चपळ माणसांची आहे. ब्याऐंशी वर्षांच्या बाईची नव्हे.

आणखी एक गोष्ट सूनबाईंच्या लक्षात आली. नात पाच वर्षांची, तिला लहान मुलांची वेगळी सीट लागते. ती मधल्या सीटवर पट्ट्यानं बांधली, की तेवढा भाग पुढे कलंडतच नाही. म्हणजे मागे जायची वाट बंद! तेव्हा ती कुठे बांधायची हे गाडी घेण्यापूर्वीच ठरवायला हवं. आणि मागच्या प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हेही पाहायला हवं. हा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोहलिन ह्या अभियंत्यानं १९५९ साली आणला, म्हणजे मी टांग्यात बसत होते तेव्हा. मागच्या सीटवरही तो लावायचा असतो हे आपल्या मनावर खऱ्या अर्थानं ठसलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये, सायरस मिस्त्री पालघरजवळच्या अपघातात गेले तेव्हा. सुमोच्या मागच्या आडव्या बाकड्यावर चार जिवांना आम्ही कशाच्या भरवशावर बसवत होतो, खंडोबा जाणे.

परत येताना मी वन्संना विचारलं, "तुम्हाला तेव्हा सुमोत मागे त्रास नव्हता व्हायचा?"

"व्हायचा की," त्या म्हणाल्या. "दिवे घाटात फार मळमळायचं. तोंडात आवळकाठी धरायची आणि डोळे मिटून बसायचं. त्यात मांडीवर भरिताचा वास."

म्हणजे गाडी त्यांनाही लागायची. आणि खिडकी मात्र माझी.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"अगं, कुणी विचारलं कुठे? आणि मी उठले असते तर दुसरं कुणीतरी बसलंच असतं ना तिथे. मुलं तर होतीच माझ्याजवळ."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही. रात्री नाशिकला लेकीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, मला आत्या आजारी असायची ते आठवत नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे एवढंच आठवतंय." एका हातानं भरिताचा डबा, दुसऱ्या हातानं माझी लेक, आणि तोंडात आवळकाठी.

तर मंडळी, पन्नास वर्षांच्या ह्या सनावळीतून मला जे कळलं ते एवढंच. लवचिक सीटा आत्ता आल्या. त्या आल्या नव्हत्या तेव्हाही सगळ्यांची सोय होतच होती, कारण प्रत्येक घरात एक लवचिक माणूस होतं. ते दुमडून घ्यायचं, सरकून घ्यायचं, आणि जागा नसेल तेव्हा स्वतःला काढूनच ठेवायचं. बहुधा ती बाईच असायची. बहुधा विधवा बहीण, नाहीतर आत्या, मावशी. आज यंत्रानं ते काम सीटेकडे दिलं आहे, पण आपण जर विचारलंच नाही, तर नव्या गाडीतही तेच माणूस जाऊन मागे बसेल आणि म्हणेल, सवय आहे.

म्हणून कुणी सात जणांची गाडी घेत असेल तर माझं सांगणं एवढंच. इंजिन, मायलेज, टचस्क्रीन काय ते पाहाच, पण आधी कागदावर घरातल्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची जागा लिहा. मग ज्याचं नाव तिसऱ्या रांगेत आलं असेल त्यालाच शोरूममध्ये घेऊन जा. सातही जण बसवून, मागचं दार लावून, त्या दिवशीची एक बॅग मावते का तेही पाहा. आमच्याकडे ह्या यादीवरून दोन दिवस खडाजंगी झाली. शेवटी ठरलं ते असं: तिसऱ्या रांगेत नातू आणि सूनबाई (ती स्वतः म्हणाली, मी बारीक आहे, मावते, मी तिला तीनदा विचारलं, आणि दर दोन तासांनी मुलगा व ती जागा बदलतील असंही ठरवून घेतलं). मधे आमचे हे, मी आणि नात. आणि पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी, खिडकीशी, वन्सं.

कोणती गाडी घेतली ते सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. दसऱ्याला आली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. चंपाषष्ठीला जेजुरीला निघालो. वन्सं पुढे बसायला तयारच नव्हत्या. "तिथे मामा बसायचे," म्हणाल्या. मामा म्हणजे त्यांचे वडील, माझे मामंजी. आमच्या घरात मुलंही त्यांना मामाच म्हणत. शेवटी ह्यांनी धाकटेपणाचा हक्क वापरून त्यांना हाताला धरून बसवलं आणि मुलानं पट्टा लावून दिला. भरिताचा डबा त्यांनी सवयीनं मांडीवर मागितला. मी दिला नाही. तो मागे सामानाच्या जागेत ठेवला, नीट मावला.

दिवे घाटात मी पाहत होते. वन्सं डोळे मिटून नव्हत्या. घाट चढून वर आलो तेव्हा त्यांनी मान वळवून मला विचारलं, "अगं, खालचा हा मस्तानी तलाव ना? तो इथून दिसतो होय?"

इतक्या वर्षांत आम्ही किती वेळा त्या घाटानं गेलो असू.

पुढे सासवडच्या चहाला त्यांनी तक्रारीही केल्या हो. समोरून ऊन येतं, एसीचा झोत नाकावर बसतो आणि पट्टा मानेला काचतो. मला फार बरं वाटलं. पन्नास वर्षांत वन्संनी गाडीबद्दल केलेली ही पहिली तक्रार. मुलानं झोत वळवला, सीट थोडी मागे केली, पट्टा खाली घेतला. हे सगळं आता होतं, कळ दाबली की होतं. फक्त कुणीतरी आधी बोलावं लागतं, नाहीतर कुणीतरी विचारावं लागतं.

तुमच्या घरच्या गाडीत मागे कोण बसायचं? आठवून पाहा. आणि ते माणूस अजून असेल, तर त्याला एकदा पुढे बसवून घाटातून घेऊन जा.